एफवाय बी.एस्सी. : कागदावर २२ क्रेडिट, वेळापत्रकात २८ तास. हे गणित कसं?

सातारकरीण

नमस्कार मंडळी. मुलाचं एफवाय बी.एस्सी. सुरू झालंय. विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे, स्वायत्त नाही. प्रवेशाच्या वेळी जो कागद हातात दिला त्यावर "सत्र १, एकूण श्रेयांक २२" एवढंच. घरात कोणी या पद्धतीत शिकलेलं नाही. यजमानांचा आणि माझा काळ टक्क्यांचा.

विषय असे : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. तिघांची थिअरी २ आणि प्रॅक्टिकल २. मग ओई (शाखेबाहेरचा घ्यायचा होता, त्याने कॉमर्सचा घेतला), एसईसी, आयकेएस, एईसी म्हणजे मराठी, आणि व्हीईसी म्हणजे पर्यावरण. हे पाचही २-२ चे. बेरीज २२ बरोबर येते. पण वेळापत्रक मोजलं तर आठवड्याला २८ तास कॉलेज. मग वरचे सहा तास कुठून आले?

दुसरं, नणंदेची मुलगी अमेरिकेत ओहायोत शिकते. ती म्हणते या सेमिस्टरला १५ क्रेडिट आहेत आणि श्वास घ्यायला फुरसत नाही. इकडे हा २२ वाला शनिवार-रविवार काकाच्या मेडिकल दुकानात बसायचं म्हणतोय, वर स्वयमवरचा (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एक कोर्सही करायचाय. यजमान म्हणतात, "तिला १५ झेपेनात, हा २२ करून दुकान सांभाळतोय, मुलगा हुशार आहे." मला काही ते पटत नाही. कोणी समजावून सांगाल का?

खडूफळा

ताई, मी एका अनुदानित कॉलेजात शिकवतो आणि वेळापत्रक करायचं काम गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी सहा तासांचा हिशोब. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, म्हणजे १५ आठवडे धरले तर आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. तुमच्या मुलाची थिअरीची १६ क्रेडिट (तीन मुख्य विषयांची ६ आणि बाकी पाचांची १०) आणि प्रॅक्टिकलची ६. सोळाचे सोळा तास, सहाचे बारा. झाले २८.

प्रॅक्टिकलला दुप्पट तास का? कारण क्रेडिट वर्गात बसण्याचं माप नाही. विद्यार्थ्याने त्या विषयाला एकूण किती वेळ द्यावा अशी अपेक्षा आहे, त्याचं ते माप आहे. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात हे सरळ लिहिलंय : वर्षाला १२०० तास अभ्यास, त्याची ४० क्रेडिट, म्हणजे क्रेडिटमागे ३० तास. थिअरीत त्यातले १५ वर्गात जातात, उरलेले १५ घरी, ग्रंथालयात, गणितं सोडवण्यात. प्रॅक्टिकलचे तीसच्या तीस प्रयोगशाळेतच गेले असं धरतात.

आता २२ ला ३० ने गुणा. ६६० तास. १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४४. कॉलेजचे २८, घरचे १६. सोमवार ते शनिवार कॉलेज असेल तर घरी रोज अडीच तासांच्या आसपास. कागदावर ही पूर्णवेळ नोकरी आहे.

म्हणून अमेरिकेतल्या १५ शी तुलना करताना घाई नको. तिकडचं कोणीतरी सांगेलच.

जुनाट_पेन

आमच्या वेळी वर्षातून एकदा परीक्षा. मार्चमध्ये पेपर, जूनमध्ये निकाल, मधल्या काळात आंबे. कोणी विचारलं नाही तास किती ते. जानेवारीपर्यंत कॅरम, मग रात्रीचा दिवस. तरी शिकलोच की. हे आयकेएस, व्हीईसी, एसईसी म्हणजे काय, एकदा कोणीतरी मराठीत सांगा बुवा. नातवाला विचारलं तर तो म्हणाला "आजोबा, मलाही नाही माहीत, पण पेपर आहे."

टीवाय_वाला

आजोबा, सांगतो. ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय. एसईसी आणि व्हीएससी म्हणजे कौशल्याचे, त्यातला व्हीएससी आपल्या मुख्य विषयाला धरून असतो. एईसी भाषेचा. व्हीईसी मूल्यशिक्षण : पर्यावरण, संविधान वगैरे. आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरा. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक. पुढे ओजेटी म्हणजे कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम, एफपी म्हणजे क्षेत्रप्रकल्प.

काकू, तुमच्या प्रश्नाबद्दल एक सांगू? २२ हा आकडा मारत नाही, ११ हा मारतो. तुमच्या मुलाचे हेड मोजा. तीन थिअरी, तीन प्रॅक्टिकल, पाच इतर. अकरा. प्रत्येकात वेगळं पास व्हायचं, प्रत्येकाची वेगळी इंटर्नल. आमच्याकडे एका हेडला दोन इंटर्नल व्हायच्या, एक चाचणी आणि एक असाइनमेंट किंवा सादरीकरण. म्हणजे सत्रात बावीस वेळा काहीतरी द्यायचं, आणि ते सगळं एकाच पंधरवड्यात येतं, कारण एकाही शिक्षकाला दुसऱ्याने काय दिलंय याचा पत्ता नसतो. त्यात सहा जर्नल-सबमिशनचे दिवस वेगळे.

माझ्या मोठ्या बहिणीला जुन्या पॅटर्नमध्ये विषय कमी आणि मोठे होते. तिचा अभ्यास जास्त खोल व्हायचा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मला एफवायला थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम कळायला लागला तोवर थिअरीचे ३० तास संपले होते.

जुनाट_पेन

म्हणजे एका ताटात अकरा वाट्या आणि पोळी अर्धीच.

बे_एरिया_बाळू

भाचीची बाजू मांडतो. इथे पोरांच्या ट्यूशन बिलासाठी हे सगळं पाठ झालंय.

अमेरिकेत क्रेडिट अवरची केंद्र सरकारची व्याख्या आहे (सरकारी शिक्षणसाहाय्य त्यावर अवलंबून असल्याने ती करावी लागली) : आठवड्याला एक तास वर्गात आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, साधारण १५ आठवडे. म्हणजे १५ क्रेडिट घेणारी मुलगी १५ तास वर्गात आणि ३० तास बाहेर. एकूण ४५. सरांनी तुमच्या मुलाचे काढले ४४! दोघं सारखेच राबतायत, फक्त तिच्या तीस तासांवर पहारा नाही आणि याच्या अठ्ठावीस तासांवर हजेरी आहे.

फरक कुठे आहे? तिचे विषय बहुतेक पाच असतील, ३-३ क्रेडिटचे. आणि बाहेरचे ३० तास खरेच लागतात. दर आठवड्याला गृहपाठाचे गुण, क्विझ, लॅब रिपोर्ट, मध्यावधी परीक्षा एक नाही तर दोन. शेवटच्या महिन्यात जागून काढू म्हटलं तर तोवर निम्मी ग्रेड हातातून गेलेली असते.

व्हिसावर असेल तर तिला आणखी एक पाचर आहे. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट लागतात, आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स किंवा तीन क्रेडिट धरतात. विषय झेपत नाही म्हणून परस्पर सोडला आणि १२ च्या खाली आली तर व्हिसाचा दर्जाच जातो. आधी कॉलेजातल्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी घ्यावी लागते. इथे जन्मलेल्या मुलांना ही भीती नसते.

आणि १२ म्हणजे पूर्णवेळ ऐकून लोक १२ च घेत राहतात. बी.ए., बी.एस.ला साधारण १२० लागतात. १२ गुणिले ८ सत्रं, ९६. चोवीस कमी! म्हणजे आणखी एक वर्ष, आणखी एका वर्षाची फी. हवाईच्या विद्यापीठाने यासाठी "पंधरा घ्या आणि वेळेत संपवा" अशी मोहीम काढली होती, नंतर ती इतर राज्यांत पसरली. बऱ्याच ठिकाणी १२ ते १८ क्रेडिटपर्यंत फी एकच असते, त्यामुळे १५ घेणाऱ्याला वरचे तीन फुकटच पडतात. सगळीकडे नाही, काही ठिकाणी क्रेडिटप्रमाणे मोजतात. बिल बघून घ्या.

ड्राफ्टर

बाळूशेठ, क्वार्टरवाल्यांचं सांगा की. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला पदवीला १८० लागतात, यूसीएलएलाही १८०. माझ्या मित्राच्या बायकोने घाबरून फोन केला होता, "आमच्या मुलीला साठ जास्त का?"

बे_एरिया_बाळू

हो, तिथे सत्र साधारण दहा आठवड्यांचं असतं. क्वार्टरची दीड क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचं एक. १८० भागिले दीड, १२०. कॅलिफोर्नियात गंमत अशी की एकाच सरकारी विद्यापीठाचं बर्कली सेमिस्टरवर आणि यूसीएलए क्वार्टरवर.

ड्राफ्टर

इथेही तेच आहे. मी इंजिनिअरिंगवाला. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांची बेरीज १६० वर आणली, त्याआधी ती बरीच जास्त असायची. आमच्याकडे प्रत्येक विषयापुढे एल-टी-पी लिहिलेलं असतं. ३-१-२ म्हणजे आठवड्याला तीन तास लेक्चर, एक ट्युटोरिअल, दोन प्रॅक्टिकल. लेक्चर आणि ट्युटोरिअलच्या तासाला एकेक क्रेडिट, प्रॅक्टिकलच्या तासाला अर्धं. त्या विषयाची पाच झाली.

आणि आयआयटी मुंबईत एकेक विषय ६ किंवा ८ क्रेडिटचा असतो. त्यांचं मोजमाप वेगळं. म्हणून दोन संस्थांचे नुसते आकडे शेजारी ठेवून कोण जास्त शिकतो हे ठरवणं सोडून द्यावं. तास काढा, मग बोला.

जाता जाता : हे क्रेडिटचं खूळ आलं कुठून माहितीये का? प्राध्यापकांच्या पेन्शनमधून.

जुनाट_पेन

पेन्शन म्हटल्यावर मी जागा झालो. सविस्तर येऊ द्या.

ड्राफ्टर

पोलादवाला अँड्र्यू कार्नेगी. १९०५ मध्ये त्याने कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन द्यायची तर कॉलेज कशाला म्हणायचं हे ठरवावं लागणार, कारण त्या काळी तिकडे हायस्कूल आणि कॉलेज यांच्यातली रेघ पुसटच होती. विश्वस्तांनी अट घातली : जे कॉलेज प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाची १४ युनिट मागेल, ते कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. पेन्शन फुकट मिळतेय म्हटल्यावर कॉलेजांनी पटापट ते माप उचललं, आणि कॉलेजांनी उचललं म्हणून शाळांनी. पुढे कॉलेजच्या आतही तासांवरच शिक्षण मोजायची सवय पक्की झाली. विद्यार्थ्याला काय आलं हे मोजायला ते माप कधी केलंच नव्हतं.

जुनाट_पेन

वा! म्हणजे नातवाच्या मार्कशीटवरचा आकडा कुणा गोऱ्या मास्तराच्या म्हातारपणाच्या सोयीतून आलाय. आता मला या पद्धतीबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. मी इथे मास्टर्स करतेय, बी.एस्सी. पुण्यातून.

जर्मनीत सत्राला ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), वर्षाला ६०. इथे त्याला एलपी म्हणतात. एक एलपी म्हणजे २५ ते ३० तास, बहुतेक ठिकाणी ३०. मला पहिल्यांदा मॉड्यूलहँडबुख, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उघडल्यावर धक्का बसला होता. ६ एलपीचा विषय, एकूण १८० तास, त्यात वर्गातले पन्नासेक आणि बाकी सव्वाशेच्या वर "स्वतःचा अभ्यास". अक्षरशः असं छापलेलं. वर्गात हजेरी बहुतेक विषयांना नाही. परीक्षा एकच, सत्र संपल्यावर, आणि ठरावीक वेळा नापास झालं (खूप ठिकाणी तीनदा) की तो अभ्यासक्रम कायमचा बंद, त्याच विषयासाठी दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही दार बंद होऊ शकतं. आपली एटीकेटी किती दयाळू आहे हे इथे येऊन कळतं.

मुलाला पुढे इकडे यायचं असेल तर दोन गोष्टी. इथे मास्टर्सला साधारण १८० ईसीटीएसची बॅचलर मागतात आणि आपल्या तीन वर्षांच्या पदवीवर १२० ते १३२ दिसतात. म्हणून कोणी तुम्हाला थेट "४८ कमी" म्हणत नाही. पूर्णवेळ एक वर्ष म्हणजे ६०, अशा तऱ्हेने विद्यापीठ आपल्या पद्धतीने रूपांतर करतं. ते त्यांना करू द्यावं, आपणच गुणाकार करून अर्जात आकडा ठोकू नये. विषयवार मात्र बघतात : गणिताचे किती, भौतिकशास्त्राचे किती. तिथे ओई, व्हीईसी, आयकेएसची क्रेडिट कामाला येत नाहीत.

दुसरी : प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम, तासांसकट, आत्ताच पीडीएफ उतरवून ठेवा. पॅटर्न बदलला की जुनी पीडीएफ संकेतस्थळावरून गायब होते, आणि मग चार वर्षांनी कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून "२०२४ पॅटर्नचा सिलॅबस शिक्का मारून द्या" म्हणत बसावं लागतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला गुणपत्रिका नीट हव्यात.

सातारकरीण

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. यजमानांना ४४ आणि ४५ वाचून दाखवलं, ते आता वर्तमानपत्राच्या मागे आहेत.

खडूफळा सर, अजून दोन विचारते. सगळे विषय २-२ चे, तर मग गुणांत मुख्य विषयाला महत्त्व कसं राहतं? आणि घरचे १६ तास मुलं खरंच करतात का हो?

खडूफळा

दुसऱ्याचं आधी. नाही करत. जुलै-ऑगस्टमध्ये तर अजिबात नाही. आणि सगळा दोष मुलांवर टाकणार नाही. १५ आठवडे म्हणजे सहा दिवसांचे ९० अध्यापनदिन. प्रवेश लांबतात, गणपती येतात, नवरात्र, मग दिवाळीच्या आधी परीक्षा उरकायची घाई. हातात अकरा-बारा आठवडे उरतात. मग ३० तासांचा विषय चोवीसात बसवा किंवा रविवारी जादा तास घ्या. पुष्कळ ठिकाणी हे छोटे विषय सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे असतात, आणि तो माणूस तीन कॉलेजांत धावत असतो. त्याच्याकडून रविवारची अपेक्षा करायला मला तरी तोंड नाही.

त्यामुळे घरचे १६ तास सांगितले आहेत तितके कोणी करत नसलं तरी वर्गात जे राहून गेलं ते त्यातच भरून काढायचं असतं. निदान आठ-दहा तास गणित आणि भौतिकशास्त्राला मिळाले तरी पोरगं तरेल.

आता गुणांचं. एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, काढताना प्रत्येक हेडच्या श्रेणीगुणाला त्याच्या क्रेडिटने गुणतात, बेरीज करतात, एकूण क्रेडिटने भागतात. समजा ४ क्रेडिटच्या विषयात ६ आणि २ क्रेडिटच्या विषयात ९ पडले. चार सक चोवीस, दोन नव्वे अठरा, बेरीज ४२, भागिले ६. आले ७. साधी सरासरी काढली असती तर साडेसात. मोठ्या विषयाने खाली ओढलं.

पण तुमच्या मुलाच्या पहिल्या सत्रात सगळीच हेड २ ची. म्हणजे आयकेएसमधले ९ आणि रसायनशास्त्राच्या थिअरीतले ९ एकाच भावाचे. हुशार मुलांना हे दिवाळीपर्यंत कळतं आणि मग ती सोप्या पाचांत गुण गोळा करून मुख्य तिघांत कसंबसं पास होतात. एसजीपीए झकास दिसतो. दुसऱ्या वर्षी मुख्य विषय ठरतो, पुढे ४-४ क्रेडिटचे पेपर येतात, आणि तिथे पाया कच्चा असल्याचं उघडं पडतं. मला या रचनेतली हीच गोष्ट सर्वांत खटकते. आकडा चांगला म्हणून आईवडील निश्चिंत असतात. तुम्ही एकूण एसजीपीए न बघता तीन मुख्य थिअरींच्या श्रेणी वेगळ्या बघा.

चौथं वर्ष करायचं असेल तर हेही लक्षात असू द्या : ऑनर्स विथ रिसर्चसाठी यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मागितलेत. नुसत्या ऑनर्सला संशोधनाची ती अट नाही. चार वर्षांची बेरीज १६० ते १७६.

टीवाय_वाला

सर, सोप्या पाचांबद्दल बरोबर बोललात, पण एक आहे. एनएसएसवाल्या सीसीला सोपं म्हणू नका. वर्षाला १२० तास काम, वर सात दिवसांचं शिबिर. दोन सत्रांची २-२ क्रेडिट, ३० च्या हिशोबाने बरोबर १२० तास होतात, म्हणजे तिथे खरोखर जेवढं लिहिलंय तेवढं करून घेतात. आमच्या शिबिरात बंधारा बांधला. भौतिकशास्त्राच्या ३० तासांपैकी किती झाले ते विचारू नका.

खडूफळा

हे मान्य.

सातारकरीण

आणि दुकान? आणि स्वयम?

टीवाय_वाला

काकू, मी दुसऱ्या वर्षापासून रविवारी एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. दोन्ही दिवस पूर्ण बसणं आणि शनिवारी प्रॅक्टिकल असणं जमत नाही, एवढं सांगतो. त्याच्या बॅचचं प्रॅक्टिकल शनिवारी आहे का बघा. एक दिवस आणि तोही अर्धा, तर चालेल. इंटर्नलच्या पंधरवड्यात सुट्टी मिळेल का हे काकांना आत्ताच विचारून ठेवा. घरचं दुकान असलं की तेवढं सोपं असतं.

नेकारकाठ

इथे सगळेच काम करतात, मीही करते. पण इथे विषय पुढच्या सत्रात ढकलता येतो, ३० ऐवजी २० एलपी घेतले तर कोणी विचारत नाही, पदवी लांबते एवढंच. तुमच्याकडे २२ म्हणजे २२, त्यात कमी-जास्त करायची मुभा फारशी नाही. म्हणून काम कमी करावं लागतं, विषय नाही.

बे_एरिया_बाळू

नेकारताईंनी खरा फरक पकडलाय. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात विषय बदलता येतो, नंतर ठरावीक तारखेपर्यंत सोडता येतो, मार्कशीटवर "डब्ल्यू" लागतो पण सरासरी बुडत नाही. आकड्याइतकंच तो आकडा बदलता येतो की नाही हेही महत्त्वाचं.

खडूफळा

स्वयमबद्दल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून करता येतात, पण कुठले चालतील हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. आठ आठवड्यांचा कोर्स साधारण २ क्रेडिटचा, बारा आठवड्यांचा ३ चा. शिकणं फुकट, परीक्षेला फी असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

आता प्रश्न असा : तो कोर्स ओई किंवा तत्सम एखाद्या विषयाच्या बदल्यात घेणार की २२ च्या वर? बदल्यात हवा तर नोंदणीआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. नंतर प्रमाणपत्र घेऊन आलात तर बहुतेक ठिकाणी "छान" म्हणतील आणि परत देतील. वर हवा असेल तर पहिल्या सत्रात नकोच, ४४ वर आणखी चार कशाला. दुसऱ्या वर्षी घेऊ दे.

ड्राफ्टर

एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर, काढलाय ना? नसेल तर डिजिलॉकरवरून काढा. बारा अंकी असतो. विद्यार्थ्याला स्वतःला त्यात काही जमा करता येत नाही, कॉलेज-विद्यापीठच करतं, पण आयडीच नसेल तर जमा करणार कशात? एरवी हे खातं कधी कामाला येतं तर मध्येच कॉलेज बदललं किंवा शिक्षण थांबवलं तर. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात.

जुनाट_पेन

सात वर्षांनी बुडतात? बँकेत तरी दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेकडे जातात, वारस मागू शकतात.

ड्राफ्टर

काका, क्रेडिटला वारस लावायची सोय अजून नाही.

खडूफळा

थांबवण्यावरून आठवलं. एक वर्ष करून बाहेर पडलं की प्रमाणपत्र मिळतं असं मुलांना वाटतं. ४० ते ४४ क्रेडिट तर हवीतच, वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. नुसतं एफवाय पास झाल्यावर कोणी कागद देत नाही. दोन वर्षांनंतरच्या पदविकेलाही ८० ते ८८ च्या वर तेच. आमच्याकडे एक मुलगी पोलीस भरतीत लागली, तिला ऐनवेळी हे कळलं.

सातारकरीण

सर, त्याच्याशी बोलले. शनिवारी दुपारपर्यंत रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे, म्हणून दुकान फक्त रविवारी सकाळचं ठरलं. स्वयम पुढच्या वर्षी. सिलॅबसच्या पीडीएफ आज उतरवल्या. एबीसी आयडी काढायला बसलो तर नवीनच भानगड : आधारवर नाव "आडनाव-नाव-वडील" असं आहे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. कॉलेजच्या क्लार्कने सांगितलं, "चालतंय, राहू द्या."

टीवाय_वाला

काकू, राहू देऊ नका. माझ्या वर्गमित्राची दोन सत्रांची क्रेडिट नावाच्या स्पेलिंगमुळे दिसत नव्हती.

खडूफळा

नका राहू देऊ. आधार दुरुस्त करणं सोपं, बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करणं कठीण. त्यामुळे आधारच दहावीप्रमाणे करून घ्या, मग डिजिलॉकर ताजं करा, मग आयडी, आणि परीक्षा फॉर्म भरायच्या आधी. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. आधार केंद्रावर जाताना दहावीच्या गुणपत्रिकेची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर परत पाठवतात.